‘शिकून झालेली जर्मन’ : मर्केलबाई, २०१५ आणि सीमा

सालेकाठचा

गेल्या आठवड्यात जर्मन नागरिकत्वाची परीक्षा दिली. ३३ प्रश्न, १७ बरोबर आले की पास. ३१० प्रश्नांचा संच आधीच हातात असतो, त्यामुळे दहावीच्या ‘अपेक्षित’ची फार आठवण झाली. मला भिंतीचा प्रश्न आला. बर्लिनची भिंत कधी बांधली? १९६१. हे तर झोपेतही सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पेढे (म्हणजे दुकानातलेच, पण वेलची घातलेले) वाटत होतो. आमच्याकडे एक साठीचे गृहस्थ आहेत, जन्मापासून हाले शहरातले, म्हणजे पूर्वीच्या पूर्व जर्मनीतले. ते पेढा खात म्हणाले, “तुमची परीक्षा तरी एकदाच होते. आमची १९९० मध्ये कोणी घेतलीच नाही, पण निकाल रोज लावतात.”

तेव्हा मला याच शहरात झालेलं एक भाषण आठवलं. ३ ऑक्टोबर २०२१, जर्मन एकीकरणाचा दिवस. अँगेला मर्केल यांचं चॅन्सलर (जर्मनीच्या सरकारप्रमुख) म्हणून या दिवसाचं ते शेवटचं भाषण. सोळा वर्षं ही बाई स्वतःबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की त्यांच्याच पक्षाच्या जवळच्या प्रतिष्ठानने काढलेल्या एका पुस्तकात त्यांच्या पूर्व जर्मनीतल्या आयुष्याला ‘बॅलास्ट’ म्हटलं होतं. जहाज डुलू नये म्हणून तळाशी टाकलेली दगडमाती. बाईंनी चक्क डूडेन शब्दकोशातला अर्थ वाचून दाखवला : कमी मोलाचं वजन, गरज संपली की टाकून देता येणारं. आयुष्याची पहिली पस्तीस वर्षं ज्या देशात काढली, तिथलं शिक्षण, तिथली नोकरी, तिथली माणसं, हे सगळं टाकाऊ वजन.

दुसरी गोष्ट २०१५ ची. सप्टेंबरात निर्वासितांचे लोंढे येत होते, टीका होत होती, तेव्हा त्या पत्रकार परिषदेत म्हणाल्या होत्या की संकटात मायेनं वागलो याची आता माफी मागायची असेल, तर हा माझा देश नव्हे. त्यावर एका पत्रकाराने पुढे लिहिलं की यातून दिसतं, बाई जन्मजात संघराज्यातल्या जर्मन आणि युरोपीय नाहीत, ‘अँगेलेर्न्ट’ आहेत. हा कारखान्यातला शब्द. आयटीआय न करता मशीनवर उभं राहून काम शिकलेला कामगार, तो ‘अँगेलेर्न्ट’. मर्केलबाईंनी हालेमध्ये विचारलं : म्हणजे जर्मनांचे दोन प्रकार आहेत का? एक अस्सल, आणि दुसरे शिकून झालेले, ज्यांनी आपण इथलेच हे रोज नव्यानं सिद्ध करायचं आणि एका वाक्यापायी नापास व्हायचं?

मराठी व्हॉट्सॲपवर मर्केल म्हटलं की एकच वाक्य फिरतं, ‘हिनं सीमा उघडली आणि युरोप बुडवला’. मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. एक, सीमा उघडली नाही, ती उघडीच होती. ऑस्ट्रिया आणि जर्मनी दोघंही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, नाक्यावर पोलीस नाही, दांडा नाही. ४ सप्टेंबरच्या रात्री प्रश्न होता तो बंद करायची का, हा. बुडापेस्टच्या केलेती स्टेशनात अडकून पडलेले हजारो लोक हमरस्त्यानं व्हिएन्नाच्या दिशेनं पायी चालू लागले होते. जेमतेम आठवड्यापूर्वी ऑस्ट्रियात पार्नडॉर्फजवळ रस्त्याकडेला सोडून दिलेल्या कोंबडीच्या मांसाच्या शीतट्रकमध्ये ७१ प्रेतं सापडली होती. ती सापडली त्या दिवशी बाई व्हिएन्नातच होत्या. अशा वेळी सीमा बंद करायची म्हणजे चालत आलेल्या बायापोरांसमोर पाण्याचे फवारे घेऊन पोलीस उभे करायचे.

दोन, हा निर्णय नुसता भूतदयेचा होता असं मला वाटत नाही. बर्लिनच्या भिंतीपलीकडे वाढलेल्या बाईला सीमा बंद करणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. आणि युरोपच्या मधोमध असलेल्या देशाने नाका लावला की पाठोपाठ सगळे लावतात, शेंगेन संपतं, हाही हिशेब होता. ‘वीर शाफेन दास’, आपल्याला हे जमेल, हे वाक्य ३१ ऑगस्टचं. त्याआधी आणि नंतर त्या बोलल्या ते बहुतेक कारभाराबद्दल : नियम कुठे शिथिल करायचे, पैसे कोण देणार, राज्यांनी काय करायचं. भौतिकशास्त्रज्ञ बाई, भाषण कसलं, प्रयोगवहीच.

इथे जर्मनीत, हंगेरीत, पोलंडमध्ये असलेल्यांनी लिहा. ‘आपल्याकडेही असंच’ हे कृपया दुसऱ्या धाग्यावर.

पेठेतला_पेंगुळलेला

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

इझारकाठी_बाब्या

छान लिहिलंयस, पण ‘उघडली नाही, उघडीच होती’ ही वकिली झाली रे दादा.

मी म्युनिकला २०१२ पासून. ५ सप्टेंबरला, शनिवारी, मी स्वतः मुख्य स्टेशनवर होतो. आमच्या क्रिकेट ग्रुपवर मेसेज आला म्हणून पाण्याच्या बाटल्यांची दोन खोकी घेऊन गेलो. लोक टाळ्या वाजवत होते हे खरं, टेडी बेअर वाटत होते हेही खरं. पोलिसांनी दुपारी सांगितलं, आता पुरे, ठेवायला जागा नाही. त्या दोन दिवसांत वीस हजारांच्या आसपास माणसं उतरली. एक म्हातारा गाडीतून उतरून फलाटावर नुसता बसून राहिला होता, त्याला बाटली दिली तर त्यानं आधी विचारलं, हे कुठलं गाव. मी म्हटलं म्युनिक. त्याला हंबुर्गला जायचं होतं.

हे झालं मनाचं. आता डोक्याचं.

डब्लिन नियमानुसार माणूस युरोपीय संघात जिथे पहिला शिरतो, त्या देशाने त्याचा अर्ज बघायचा. २५ ऑगस्टला जर्मनीच्या निर्वासित कार्यालयाने ट्विटरवर लिहिलं की सीरियन लोकांच्या बाबतीत आम्ही सध्या डब्लिन बहुतांशी लावत नाही. एवढं एक वाक्य. ते तुर्कस्तानापासून बुडापेस्टपर्यंत प्रत्येकाच्या फोनवर गेलं. सीमा उघडी होती, कबूल, पण ‘या’ अशी पाटी कोणी लावली?

आणि १३ सप्टेंबर विसरू नकोस. त्या दिवशी ऑस्ट्रियाच्या सीमेवर तपासणी परत सुरू झाली. तेव्हाच्या पत्रकारांनी लिहिलंय की आश्रय मागितला तरी परत पाठवा, असा आदेश तयार होता आणि शेवटच्या घटकेला ते वाक्य गाळलं गेलं. म्हणजे नाका लागला, पण तो कोणालाच अडवत नव्हता. आमच्याकडे सासूबाई दार लोटून घेतात, कडी लावत नाहीत, तसं. संसदेत या निर्णयावर मतदान झालं नाही. पुढच्या सगळ्या रागाचं मूळ मला तिथे दिसतं, निर्वासितांच्या संख्येत नाही.

‘तात्पुरती’ तपासणी आज दहा वर्षं चालू आहे बरं का. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून परतताना सीमेवरच्या फ्राइलासिंगला गाडी थांबते, दोन पोलीस येतात, आणि अख्ख्या डब्यात पासपोर्ट कोणाला मागतात ते तुम्ही ओळखा. (सौजन्याने मागतात. ‘बिट्टे’, म्हणजे कृपया, म्हणतात.)

अण्णा_कृष्णाकाठचे

मी भारतातूनच वाचतो, त्यामुळे चूकभूल देणेघेणे. पण धागाकर्ते भावनेच्या भरात एक बाजू गाळताहेत. २०१५ च्या थर्टी फर्स्टला कलोनच्या स्टेशनसमोर बायकांवर काय प्रसंग आला? डिसेंबर २०१६ ला बर्लिनच्या नाताळ बाजारात ट्रक कोणी घातला? ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेनला चाकू कोणी चालवला? आपल्याला हे जमेल म्हणणारीला काही किंमत मोजावी लागली नाही, ती बाजारात उभ्या असलेल्यांनी मोजली.

सालेकाठचा

अण्णा, गाळत नाही. बर्लिनचा हल्लेखोर ट्युनिशियाचा होता, अर्ज फेटाळलेला, पण परत पाठवता न आलेला. झोलिंगेनच्या हल्लेखोराला डब्लिनप्रमाणे बल्गेरियाला पाठवायचं होतं, तेही झालं नाही. ही यंत्रणेची नामुष्की आहे आणि तिची जबाबदारी सोळा वर्षं चॅन्सलर असलेल्या बाईंकडे जातेच. त्याच यादीत अजून एक नाव घाला : कासेलचे वाल्टर ल्युबके. मर्केलबाईंच्याच पक्षाचे. २०१५ मध्ये निर्वासितांच्या बाजूने सभेत ठामपणे बोलले, त्याचा डूख धरून जून २०१९ मध्ये एका नवनाझीने त्यांना घराच्या ओसरीत गोळी घातली. हालेच्या भाषणात बाईंनी त्यांचं नाव घेतलं. याच गावातल्या सिनॅगॉगवर (ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर) ऑक्टोबर २०१९ मध्ये झालेल्या हल्ल्याचाही उल्लेख केला. ते दार तुटलं नाही म्हणून आतले लोक वाचले. माझ्या रोजच्या रस्त्यावर आहे ते.

बाब्या, पाटीचं मान्य. ते वाक्य सार्वजनिक करायला नको होतं. पण बाईंचा एका सीरियन मुलाबरोबरचा सेल्फी बघून लोक देश सोडून निघाले, या म्हणण्याची त्यांनी आत्मचरित्रात टर उडवलीय ती मला पटते. बॉम्ब पडत होते तिकडे. फोटो बघून कोण निघतं?

बुडापेस्टकरीण

पूर्वी इथे शिकत होते, आता नोकरी. ओर्बानचा (२०१५ मध्ये हंगेरीचे पंतप्रधान) वकील म्हणून नाही लिहीत, पण इथून गोष्ट वेगळी दिसते आणि ती कोणी सांगत नाही.

ज्या देशाने २०१५ मध्ये सर्बियाच्या सीमेवर १७५ किलोमीटर कुंपण घातलं, त्याच हंगेरीने १९८९ मध्ये ऑस्ट्रियाकडचं कुंपण कापलं. १९ ऑगस्ट १९८९, शोप्रोन गावाजवळ ‘पॅन-युरोपियन पिकनिक’. फाटक काही तास उघडलं आणि सहाशेच्या वर पूर्व जर्मन पळत पलीकडे गेले. महिन्याभरात हंगेरीने सगळ्यांनाच वाट मोकळी केली. भिंत नंतर पडली, आधी इथे फट पडली. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, मर्केल शोप्रोनला आल्या होत्या, शेजारी ओर्बान. एकाच कुंपणाच्या दोन आठवणी घेऊन दोघं एका चर्चमध्ये बसले होते.

इथले लोक म्हणतात, ते कुंपण माणसांना आत कोंडायचं, हे परक्यांना बाहेर ठेवायचं, दोन्ही एक कशी? मला हा युक्तिवाद अर्धाच पटतो. पण जो पटतो तो असा : सप्टेंबर २०१५ मध्ये ओर्बानने याला ‘नैतिक साम्राज्यवाद’ म्हटलं तेव्हा इथल्या त्याच्या विरोधकांनीही होकारार्थी मान हलवली होती. २२ सप्टेंबरला युरोपीय संघाने १,२०,००० लोक सदस्य देशांत वाटून घ्यायचा निर्णय बहुमताने रेटला. चेक, स्लोव्हाकिया, रोमानिया, हंगेरी चौघांचा विरोध होता. इथल्यांना वाटलं, निर्णय बर्लिनमध्ये आणि वाटा आमच्या ताटात. जन्मभर मॉस्कोचं ऐकलेली माणसं, ब्रुसेल्सचा आवाज त्यांना तसाच ऐकू येतो.

‘वाटून घेऊ’ ही मर्केलबाईंची एकजुटीची व्याख्या. ‘आपापलं दार आपण सांभाळू’ ही इथली. दोघंही शब्द एकच वापरतात.

इझारकाठी_बाब्या

बुडापेस्टकरणीला +१. आणि ही ‘वाटून घेऊ’ची भाषा जर्मनीला उशिरा सुचली हेही लिही ना दादा. २०१३ मध्ये इटलीच्या लांपेदुसा बेटाजवळ बोट बुडाली, साडेतीनशेच्या वर माणसं गेली, इटली ओरडत होता की डब्लिन बदला. तेव्हा जर्मनी काय म्हणत होता? नियम चांगला आहे, राहू द्या. समुद्र तुमच्याकडे आहे, आमच्याकडे आल्प्स आहेत.

सालेकाठचा

बरोबर आणि बाईंनी हे स्वतः कबूल केलंय. २०१६ च्या उन्हाळ्यातल्या एका मुलाखतीत म्हणाल्या की आम्ही प्रश्नाकडे फार काळ डोळेझाक केली आणि युरोपभर वाटप करायलाही नकार देत राहिलो. सप्टेंबरात बर्लिनच्या निवडणुकीत मार खाल्ल्यावर म्हणाल्या, घड्याळ कित्येक वर्षं मागे फिरवता आलं तर बरं, म्हणजे तयारी तरी नीट करता येईल. निर्णयाचा पश्चात्ताप नाही, तयारीचा आहे. हा फरक त्यांनी कायम राखला.

आणि ज्यांना बाई संत वाटतात त्यांच्यासाठी : १८ मार्च २०१६ चा तुर्कस्तानबरोबरचा करार. ग्रीक बेटांवर पोचलेल्यांना तुर्कस्तानात परत न्यायचं, बदल्यात ६ अब्ज युरो, आणि परत घेतलेल्या प्रत्येक सीरियनामागे तिथला दुसरा एक सीरियन युरोप घेणार. हा सौदा जमवण्यात बाई सर्वांत पुढे. म्हणजे आपल्या दाराला कडी नको म्हणणाऱ्या बाईंनी फाटकावर तुर्कस्तानच्या एर्दोआनना बसवलं. लोंढा थांबला तो बराचसा याने आणि बाल्कन देशांनी वाट बंद केल्याने. त्याच महिन्यात दुय्यम संरक्षण (पूर्ण निर्वासित दर्जापेक्षा कमी) मिळालेल्यांना बायकामुलं आणण्यावर दोन वर्षांची बंदीही घातली. मऊ बोलून कठीण कायदे करणं यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

स्टुटगार्टची_सिस्टर

मी मिरजेची. जर्मन शिकून, कागदपत्रांचे ढीग करून नर्स म्हणून आले. तुम्ही सगळे पत्रकारासारखं लिहिता, मी वॉर्डातलं लिहिते.

आमच्या मजल्यावर रात्रपाळीला चौघी असतो. मी, एक फिलिपिनो, एक स्थानिक आणि एक अलेप्पोची. ती २०१५ ला आली. शाळेत शिक्षिका होती तिकडे. चार वर्षं नुसती भाषा आणि बाळंतपण, मग तीन वर्षांचं नर्सिंगचं शिक्षण, आता पक्की नोकरी. ती म्हणते, पहिली पाच वर्षं मला सगळे बिचारी म्हणायचे, आता रजा मागितली तर ओरडतात, म्हणजे मी इथली झाले.

२०१५ ला आलेल्यांपैकी २०२४ अखेर ६४ टक्के कामावर आहेत, असं इथल्या सरकारी रोजगार संशोधन संस्थेने काढलंय. पुरुषांत ७६, बायकांत ३५. ते ३५ वाचून मला राग येतो. पाळणाघर नाही, पदवी मानत नाहीत, आणि वर म्हणायचं बायका कामाला बाहेर पडत नाहीत. ‘आपल्याला हे जमेल’ यातलं ‘आपल्याला’ म्हणजे नक्की कोणाला, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. जमवलं ते शिकवणी घेणाऱ्या आज्यांनी आणि तालुक्याच्या कारकुनांनी.

दुसरं. अण्णा, तुमच्या-माझ्या राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या स्टुटगार्टच्या राज्याशी, बाडेन-व्युर्टेंबर्गशी, कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्याच वर्षी जर्मनीने भारतीयांसाठी कुशल व्हिसांचा आकडा २० हजारांवरून ९० हजार करायचं जाहीर केलं. म्हणजे एका दाराला नाका आणि दुसऱ्या दाराला तोरण. आपण तोरणाखालून आलो म्हणून नाक्यावरच्याला नावं ठेवायची, हे मला जमत नाही. बसमध्ये माझ्याकडे बघणाऱ्याला मी कुठल्या दारातून आले ते कपाळावर दिसत नाही.

अण्णा_कृष्णाकाठचे

सिस्टर, तुमचा मुद्दा लागला. पण तुम्ही परीक्षा देऊन, रांगेत उभ्या राहून गेलात. रांग मोडणाऱ्याबद्दल राग येणं म्हणजे द्वेष नव्हे. एवढंच म्हणतो आणि थांबतो.

स्टुटगार्टची_सिस्टर

अण्णा, अलेप्पोत रांग कुठे लागायची ते सांगा, मी तिला विचारते उभी का नाही राहिलीस म्हणून. (दिवे घ्या.)

पेठेतला_पेंगुळलेला

चहा झाला, जेवण झालं, धागा इथवर आला. एक बाळबोध प्रश्न : आता तर बाई घरी बसल्यात. त्यांचं म्हणणं उरलंय का काही, की गेलं सगळं?

इझारकाठी_बाब्या

गेलं म्हणायला हरकत नाही. १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच भूसीमांवर तपासणी, तीही मर्केलबाईंनंतर चॅन्सलर झालेल्या, डाव्यांच्या शोल्त्झच्या काळात. मग जानेवारी २०२५ मध्ये मर्केलबाईंच्याच पक्षाच्या मेर्त्स यांनी स्थलांतरावरचा ठराव एएफडी या कडव्या उजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाच्या मतांवर पास करून घेतला. दुसऱ्याच दिवशी मर्केलबाईंनी जाहीर पत्रक काढून हे चूक म्हटलं. स्वतःच्याच पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध, निवडणूक तोंडावर! फेब्रुवारीच्या निवडणुकीत एएफडीला २०.८ टक्के, २०१७ मध्ये १२.६ होते. मे महिन्यात मेर्त्स चॅन्सलर झाले आणि लगेच सीमेवरून आश्रयार्थींनाही परत पाठवायचा आदेश निघाला. २०१५ ला गाळलेलं ते वाक्य दहा वर्षांनी परत कागदावर आलं. जूनच्या सुरुवातीला बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने तीन सोमाली अर्जदारांच्या प्रकरणात ते बेकायदा ठरवलं, सरकार म्हणालं, हा त्या तिघांपुरता निकाल, आमचं चालूच राहील.

म्हणजे न्यायालयात बाई जिंकतात, मतपेटीत हरतात.

बुडापेस्टकरीण

आणि गंमत बघ, ओर्बान कोर्टात हरतात. जून २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने हंगेरीला आश्रयाचे नियम न पाळल्याबद्दल २० कोटी युरो दंड ठोठावला, वर रोजचे १० लाख. पण त्यांची कुंपणाची भाषा आता डेन्मार्कपासून पोलंडपर्यंत सगळे बोलतात, फक्त उच्चार सुधारून.

माई_डोंबिवली

माझा लेक म्युन्स्टरला असतो म्हणून वाचत होते. राजकारणातलं मला फारसं कळत नाही. ते ‘बॅलास्ट’चं वाचलं आणि पोटात कालवलं. तिकडची भाषा, तिकडचे कायदे सगळं शिकला तो, फोनवर आता ‘गेनाऊ, गेनाऊ’ (अगदी बरोबर) करतो. इथलं त्याचं काय वजन म्हणून उरलंय कोण जाणे.

सालेकाठच्या, तुझं अभिनंदन राहिलंच की रे. पण मग आपला पासपोर्ट परत करावा लागतो ना? की दोन्ही ठेवता येतात?

सालेकाठचा

धन्यवाद माई. जर्मनीला आता चालतं, जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मानतात. आपल्याकडे चालत नाही. त्यामुळे जर्मन कागद हातात आला की भारतीय पासपोर्ट वकिलातीत जमा करायचा, ते रद्दचा शिक्का मारून परत देतात, सोबत एक दाखला. मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा अर्ज. ते कार्ड येईपर्यंत पुण्याला यायचं तर व्हिसा काढून.

माई_डोंबिवली

व्हिसा? घरी यायला?

सालेकाठचा

हो माई. फॉर्ममध्ये ‘भारतातील संदर्भ’ असा रकाना आहे, तिथे आईचं नाव आणि पत्ता लिहायचाय.

पेठेतला_पेंगुळलेला

बाब्या, फ्राइलासिंगला कोणाला पासपोर्ट मागतात ते ओळखलं. पुढच्या वेळी जर्मन दाखवून बघ रे कोणीतरी, काय करतात ते.

इझारकाठी_बाब्या

दाखवलाय. माझा २०२१ पासून जर्मनच आहे. उलटसुलट करून बघतात, ‘बिट्टे’ म्हणून परत देतात, आणि मग विचारतात, मूळचे कुठले?

सालेकाठचा

आणि तू काय सांगतोस?

इझारकाठी_बाब्या

म्युनिक, पासिंग. खरंच राहतो मी तिथे.